लावण्यांतलें मीठ

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक टिपण लिहिण्याचें काम निघालें. पुतणीसाठीं यंदां स्थळें पाहावयाचें ठरलें आहे आणि हल्लींच्या चालीप्रमाणें तिची सर्व माहिती एका पानावर मांडून चार ठिकाणीं पाठवावयाची होती. घरांतला लिहिणारा म्हणून माझा जो लौकिक आहे तो कितपत खरा हें या सदराचे वाचक जाणतातच. परंतु वहिनींनीं कागद माझ्यापुढें आणून ठेवला, आणि मुलें नंतर तें यंत्रावर उतरवून घेतील असें सांगून माझा नकार आधींच मोडून काढला. जन्मतारीख, गोत्र, नाडी, शिक्षण, उंची येथपर्यंत काम भराभर झालें. पुढें एक रकाना आला : वर्ण.

तेथें लेखणी अडली. मुलगी सावळी आहे. ही गोष्ट घरांत सर्वांना ठाऊक, आणि इतकीं वर्षें ती कोणाच्या ध्यानींमनींही नव्हती. पण कागदावर उतरवावयाची म्हणतांच ती एकाएकीं मोठी झाली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गव्हाळ लिहा." वडील बंधूंना 'निमगोरी' हा शब्द अधिक सोयीचा वाटला. आई जपाची माळ थांबवून म्हणाली, "सावळी आहे तर सावळी लिहा. विठोबा काय गोरा आहे?" त्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "विठोबाला स्थळ पाहावयाचें नव्हतें."

मुलगी तेथेंच बसली होती. या बोलण्यांत ती पडली नाहीं. थोड्या वेळानें तिनें मलाच विचारलें, "काका, येप्पुदा म्हणजे काय, तुम्हांला माहीत आहे?" हिला कोरियन मालिका पाहण्याचा नाद आहे, आणि पाहतां पाहतां ती भाषाही तिनें बरीच आत्मसात केली आहे. मला अर्थातच ठाऊक नव्हतें. ती म्हणाली, "कोरियन भाषेंत सुंदर मुलीला तसें म्हणतात. पण पूर्वीं त्या शब्दाचा अर्थ होता, 'कींव येण्याजोगी'." एवढें सांगून ती आंत निघून गेली. पुढें मला तो रकाना त्या दिवशीं भरवेना.

म्हणून या महिन्याच्या लेखांत सौंदर्याच्या शब्दांचींच माहेरें पाहावयाचें मीं ठरविलें आहे.

पुतणीनें सांगितलेली गोष्ट खरी आहे. कोरियाचा राजा सेजोंग यानें आपल्या प्रजेसाठीं एक नवी लिपि करविली आणि ती १४४६ सालीं प्रसिद्ध केली. तोंपर्यंत त्या देशांत लिहिणें म्हणजे चिनी अक्षरें, आणि तीं शिकणें म्हणजे अर्धें आयुष्य. सामान्य माणसाला मनांतलें सांगावयाचें असलें तरी तें लिहून दाखवितां येत नाहीं, याची आपणांस कींव आली म्हणून आपण हीं अठ्ठावीस अक्षरें केलीं, असें राजानें प्रस्तावनेंत म्हटलें आहे. ही प्रस्तावना मुळांत चिनी भाषेंत आहे. तिचें कोरियन रूपांतर १४५९ सालीं छापलेल्या एका बौद्ध ग्रंथाच्या आरंभीं मिळतें. त्यांत 'कींव' या अर्थीं जो शब्द आहे, त्याचाच वंशज आजचा 'येप्पुदा'. ज्याची कींव येते त्याला आपण जपतों, ज्याला जपतों तो प्रिय होतो, आणि प्रिय झालेला दिसावयासही छान दिसूं लागतो, अशी त्या शब्दाची वाटचाल झाली. तान्ह्या मुलाकडे पाहणाऱ्या कोणाही आईला ती समजेल. लग्नाचें टिपण ऐकत बसलेल्या मुलीला मात्र ती वेगळ्या रीतीनें समजली.

कोरियन भाषेंत सौंदर्याचा दुसरा आणि अधिक भारदस्त शब्द आहे 'आरुमदाप्ता'. त्यांतल्या 'दाप्ता'चा अर्थ 'त्याला शोभेसें, त्याच्यासारखें'. पहिल्या भागाविषयीं पंडितांत एकमत नाहीं. पंधराव्या शतकाच्या कोरियन भाषेंत 'आरुम'सारखाच एक शब्द 'स्वतःचें, खासगी' या अर्थीं होता, त्यावरून जें आपल्यासारखें तें सुंदर, असा अर्थ कोणी लावतात. कोणी त्याच ध्वनीच्या 'कवेंत मावेल इतकें' या अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवितात. तिसरा एक लहानसा शब्द 'मॉत्' म्हणजे ऐट, डौल, रुबाब. हा 'मात्' म्हणजे चव या शब्दापासून निघाला असें मानणारे पुष्कळ आहेत. हें वाचलें आणि मी थबकलों, कारण चवीवरून सौंदर्याला नांव देणें ही तर आपल्याच घरची रीत आहे.

पण चवीकडे वळण्यापूर्वीं आमच्या घरांत त्या दिवशीं सुचविलेले दोन शब्द पाहूं. 'निमगोरी' यांतला 'नीम' फारसी आहे आणि त्याचा अर्थ अर्धा. निमगोरी म्हणजे अर्धी गोरी. उरलेल्या अर्ध्याविषयीं मौन. 'गव्हाळ' तर आमच्या गोंदियांत विशेषच नवलाचा शब्द. हा सारा मुलूख भाताचा. पावसाळ्यांत गांवाबाहेर पडलें कीं बांधांमागें बांध, आणि त्यांत उभें पाणी. आमच्या शहराचा मोठा व्यापारही तांदुळाच्या गिरण्यांचा. अशा ठिकाणीं मुलीच्या रंगाला उपमा शोधतांना पोत्यांतून बाहेरगांवाहून येणारा गहूं आठवावा! भाताच्या मुलखानें आपल्या मुलींसाठीं स्वतःचा शब्द केला नाहीं. पश्चिमेकडून गव्हाबरोबर तोही मागविला. हे दोन्ही शब्द मापाचे आहेत. गोरेपण ही शेवटची पायरी धरून कोण किती पायऱ्या खालीं उभा आहे एवढेंच ते सांगतात. सौंदर्याचे म्हणून जे खरे जुने शब्द आहेत, त्यांत असा पायऱ्यांचा हिशेब मला कोठें सांपडला नाहीं.

पहिला शब्द घ्या 'देखणी'. 'देखणें' म्हणजे पाहणें. संतांच्या काळीं हें क्रियापद मराठींत सर्रास होतें. आज लिहिण्याच्या मराठींत तें मागें पडलें. 'देखावा', 'देखरेख', 'डोळ्यांदेखत' असल्या शब्दांत तेवढें लपून राहिलें आहे. आमच्या बाजारांत मात्र हिंदी बोलणारे पावलोपावलीं 'देखो, देखो' करतात, तेव्हां तो शब्द अजून जिवंत आहे हें कानाला कळतें. देखणी म्हणजे पाहण्याजोगी. संस्कृतांत 'दर्शनीय' हा शब्दही याच घडणीचा आहे. नाक असें, रंग तसा, असें त्यांत कांहीं नाहीं. पाहणाऱ्याची दृष्टि तेथें गेली कीं खिळते, एवढीच त्यांतली साक्ष.

पुष्कळसे संस्कृत शब्दही असेच पाहणाऱ्याचें वर्तमान सांगणारे आहेत. 'मनोहर' म्हणजे मन चोरून नेणारें. 'रम्य' म्हणजे जेथें जीव रमतो तें. 'मोहक' म्हणजे जें भूल पाडतें तें. 'कांति' म्हटलें कीं आज आपल्याला तकाकी आठवते, परंतु तिचा धातु 'कम्' म्हणजे इच्छिणें. कांता, कामना आणि कांति या एका घरच्या बहिणी. उजेडाचे शब्द वेगळे. 'शुभ्' म्हणजे झळकणें, त्यापासून शोभा. 'रुच्' म्हणजेही प्रकाशणें, त्यापासून 'रुचिर' म्हणजे सुंदर. पण त्याच धातूपासून 'रुचि' निघाली आणि ती जिभेवर जाऊन बसली. आपण भाजी रुचकर म्हणतों तेव्हां खरें पाहतां ती झळकते असें म्हणत असतों. डोळा आणि जीभ यांच्यामध्यें भाषेनें भिंत घातलेली नाहीं हें येथें दिसतें.

आतां लावण्य. 'लवण' म्हणजे मीठ, आणि लावण्य म्हणजे खारटपणा. कोशांत हा अर्थ आजही पहिल्या ओळींत मिळतो आणि त्याच्या पुढें सौंदर्य. तरुण स्त्रीच्या रूपाला खारटपणा म्हणावें हें प्रथम ऐकतांना विचित्र वाटेल. म्हणून सैंपाकघरांत जाऊन पाहावें. सर्व जिन्नस उत्तम आहेत, फोडणी खमंग आहे, रंग सुरेख आला आहे आणि मीठ घालावयाचें राहिलें आहे. अशा आमटीला आपण 'अळणी' म्हणतों, तो 'अलवण' याचाच अपभ्रंश. तिच्यांत काय कमी आहे हें बोट दाखवून सांगतां येत नाहीं, कारण मीठ दिसत नाहीं. तें असतें तेव्हां डाळीची चव डाळीला येते आणि आमसुलाची आमसुलाला. रूपांतही असें कांहीं असतें, कीं जें नाकांत नाहीं, डोळ्यांत नाहीं, रंगांत नाहीं, आणि तें नसेल तर हीं सारीं असून अळणी.

हा अर्थ माझ्या पदरचा नव्हे. नवव्या शतकांत काश्मीरमध्यें आनंदवर्धन नांवाचा मोठा साहित्यशास्त्रज्ञ होऊन गेला. काव्यांतला सूचित अर्थ हा शब्दांच्या उघड अर्थाहून निराळा असतो, हें त्याला आपल्या 'ध्वन्यालोक' ग्रंथांत पटवून द्यावयाचें होतें. त्यासाठीं त्यानें दाखला घेतला तो लावण्याचाच : स्त्रीचे अवयव सर्वांना दिसतात, लावण्य त्या अवयवांहून वेगळेंच कांहीं असतें आणि तरीही तें त्यांच्यांतूनच प्रकट होतें. पुढच्या पंडितांनीं लावण्याला मोत्याची उपमा दिली. मोत्याच्या आंत जी एक हलती, तरल झांक दिसते तिच्यासारखें अंगांत जें खेळतें तें लावण्य. आपणही मोत्याचें 'पाणी' पाहतों आणि मोती 'पाणीदार' म्हणतों, तें याच झांकेसाठीं.

ही मिठाची कल्पना एकट्या संस्कृताची नाहीं. अरबींत 'मिल्ह' म्हणजे मीठ आणि 'मलीह' म्हणजे खारट व देखणाही. फारसींत 'नमकीन' हा शब्द फरसाणाला लागतो तसा मोहक माणसालाही लागतो. आणि रोमचा कवि कातुल्लुस, ख्रिस्तापूर्वीं पहिल्या शतकांतला, त्यानें तर या विषयावर एक लहानशी कविता केली आहे. एका स्त्रीला लोक सुंदर म्हणत. कवि म्हणतो, ती गोरी आहे, उंच आहे, बांधा सरळ आहे, हें एकेक सर्व मला कबूल. पण एवढ्या मोठ्या देहांत मिठाचा कणही नाहीं, म्हणून तिला सुंदर म्हणावयास मी तयार नाहीं. गोरी, उंच, सरळ बांधा! आमच्या टिपणाचे रकाने दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोममध्यें जसेच्या तसे हजर होते, आणि ते सगळे भरूनही एका माणसाचें समाधान झालेलें नव्हतें.

मिठाविषयीं आणखी एक गंमत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती आमच्या गांवांत रोज घडते. गोंदिया हें सीमेवरचें गांव. एकीकडे बालाघाट, दुसरीकडे छत्तीसगड. बाजारांत मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगडी सगळ्या भाषा चालतात. गांवाचें नांवच 'गोंद' यावरून पडलें असें सांगतात, आणि गोंद हा डिंकाला हिंदी शब्द; तेव्हां गांवाचें नांव कळावयासही दोन भाषा लागतात. आमच्याकडे पूर्वीं बालाघाटकडचा एक मुलगा कामाला होता. त्याला पहिल्याच दिवशीं "मीठ आण" म्हटलें तर तो साखरेचा डबा घेऊन आला, आणि त्यांत त्याची कांहींच चूक नव्हती. हिंदींतला 'मीठा' आणि मराठींतलें 'मीठ' हीं सख्खीं भावंडें आहेत. दोघांचा बाप संस्कृत 'मृष्ट' किंवा 'मिष्ट', म्हणजे स्वच्छ केलेलें, चवदार, रुचणारें; मिष्टान्नांत तोच आहे. उत्तरेकडे लोकांना जें सर्वांत रुचलें तें गोड होतें, म्हणून तो शब्द गोडाला गेला. आपल्या लोकांनीं तो खारटाला दिला. आपण मिठाला 'चवदार' हेंच नांव दिलें आहे, आणि मग लावण्याला खारटपणा म्हटलें तर त्यांत नवल तें काय?

याच शेजारभाषेंत लावण्याचा एक धाकटा भाऊ आहे. 'सलवण' म्हणजे मिठासकट. त्याचा झिजून 'सलोना' झाला. हा शब्द हिंदींत बहुधा एकटा येत नाहीं. त्याची जोडी ठरलेली आहे : सांवला-सलोना. मराठींत जशी 'गोरागोमटा' ही जोडी, तशीच ती. शेजाऱ्यांनीं मीठ घातलें तें सावळ्यांत. आमच्या आळींतल्या हिंदी बोलणाऱ्या आजीबाई पुतणीला लहानपणीं याच शब्दानें हांक मारीत असत आणि आम्हांला तो एक लाडाचा शब्द वाटे. त्याच्या पोटांत काय आहे हें पाहण्याची बुद्धि आम्हांला तेव्हां झाली नाहीं.

'गोरागोमटा' हा शब्दही वाटतो तितका गोऱ्यांच्या बाजूचा नाहीं. 'गोमटा' म्हणजे गोरा असा पुष्कळांचा समज आहे. तसें असतें तर जोडशब्दाची गरज काय? गोमटें म्हणजे सुंदर, चांगलें, नीटनेटकें. जुन्या मराठींत तें बोलण्याला लागतें, कामाला लागतें. कोंकणींतही 'गोमटो' आहेच. आणि या शब्दाचें भारतांतलें सर्वांत मोठें स्मारक मराठी मुलखाच्या बाहेर उभें आहे. कर्नाटकांत श्रवणबेळगोळ येथें गंग राजांचा मंत्री चामुंडराय यानें बाहुबलीची सत्तावन्न फूट उंचीची एकसंध दगडी मूर्ति करविली. तिची प्रतिष्ठा ९८१ सालीं झाली असें मानतात. तिच्या पायाशीं ती कोणी करविली हें सांगणारे जे लेख आहेत, त्यांत मराठीही आहे, आणि मराठीच्या जुन्यांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. या देवाला गोम्मटेश्वर कां म्हणतात यावर बरेच वाद झाले. कोणी 'मन्मथ' या शब्दापासून गोम्मट काढला. कोल्हापूरचे विद्वान् प्राध्यापक आ. ने. उपाध्ये यांनीं १९४० च्या सुमारास या शब्दाची कसून छाननी केली आणि असा निर्णय दिला कीं गोम्मट हें चामुंडरायाचें घरगुती लाडाचें नांव असावें, त्याचा अर्थ मराठी 'गोमटा' याचाच, आणि गोमट्याचा देव तो गोम्मटेश्वर. याच मंत्र्यासाठीं नेमिचंद्रानें लिहिलेल्या ग्रंथाचें नांव 'गोम्मटसार' आहे. ज्या पुरुषाला घरच्यांनीं गोमटा म्हटलें, त्याच्या नांवानें हजार वर्षें एक देव ओळखला जात आहे. त्याच्या कातडीचा रंग काय होता हें कोणी टिपून ठेवलें नाहीं.

कांहीं शब्द सौंदर्याच्या घरांतून निघून दुसरीकडे नांदावयास गेले. प्राकृतांत 'चंग' म्हणजे सुंदर. त्याला मराठींत 'ला' जोडला गेला आणि 'चांगला' झाला. चांगदेव आणि चांगुणा हीं नांवें त्याच चंगाचीं. हळूहळू चांगला म्हणजे सुंदर हा अर्थ सरला आणि सद्गुणी हा उरला. 'चांगुलपणा' म्हणतांना आज कोणाच्याही डोळ्यांपुढें चेहरा येत नाहीं. हिंदींत तोच 'चंगा' निरोगी झाला. 'बरवा' या शब्दाची मात्र उतरती कळा लागली. 'वर' म्हणजे निवडलेला, उत्कृष्ट. नवरदेवाला वर म्हणतात तो त्यामुळेंच. त्यापासून 'बरा'; आणि 'बरवें' म्हणजे जुन्या ग्रंथांत सुंदर, देवाच्या रूपाला लागणारें विशेषण. आज मुलगी पाहून आलेला मनुष्य "बरी आहे" म्हणाला तर घरांत कोणी दुसरा प्रश्न विचारीत नाहीं.

फारसींतून आलेल्या दोन शब्दांनीं तर आपल्याकडे येऊन जागाच बदलल्या. 'खूब' म्हणजे फारसींत चांगला, सुंदर; 'खुबसूरत' म्हणजे चांगल्या चेहऱ्याचा. मराठींत त्याचा 'खूप' झाला आणि अर्थ झाला पुष्कळ. उलट 'बेश' म्हणजे फारसींत अधिक. हिंदींत 'कमोबेश' म्हणतात त्यांतला. तो वऱ्हाडांत आणि आमच्या झाडीपट्टींत 'बेस' होऊन बसला, आणि अर्थ झाला छान. आमच्याकडे "बेस झालें" म्हणजे उत्तम झालें. ज्याचा अर्थ सुंदर तो मोजूं लागला, आणि ज्यानें मोजावयाचें तो सुंदर झाला. पुण्याकडचे पाहुणे आमच्या 'बेस'ला गांवढळ समजून हंसतात. त्यांच्या 'खूप'ची हकीकत त्यांना ठाऊक नसते.

लग्नाच्या प्रसंगीं आणखी एका शब्दाची आठवण होणें अपरिहार्य आहे. 'रूप' याला प्रत्यय लागून 'रूप्य' शब्द होतो, आणि त्याचे दोन अर्थ पाणिनीनें सांगून ठेवले आहेत : एक, ज्यावर ठसा मारला आहे असें नाणें, दुसरा, प्रशंसा करण्याजोग्या रूपाचा. पहिल्यापासून आपला 'रुपया' आला. रूप कमी असेल तेथें रुपये अधिक लागतात, असें आमच्या समाजांत जें वर्षानुवर्षें चालत आलें, त्याचा पाणिनीला दोष नाहीं. त्यानें केवळ दोन अर्थ शेजारीं ठेवले. हुंड्याला कायद्यानें १९६१ सालींच बंदी झाली आहे आणि आम्ही सुशिक्षित मंडळी तो शब्दही उच्चारीत नाहीं. परंतु ज्या घरीं मुलीच्या रंगाचा रकाना भरला जातो, त्या घरीं त्या रकान्याच्या पाठीमागें एक आंकडा लिहिलेला असतो, हें मी माझ्याच घरांत बसून लिहीत आहें. त्या दिवशीं 'निमगोरी' सुचविणारे माझे वडील बंधु कांहीं दुष्ट नाहींत. त्यांना त्या आंकड्याचें भय आहे.

आणि 'सुंदर' हा शब्द? हा सर्वांत रोजचा, आणि मूळ याचेंच सर्वांत अंधुक. आजचे भाषापंडित ऋग्वेदांतल्या 'सूनर' शब्दाशीं याचें नातें असावें असें म्हणतात. आनंददायक या अर्थीं तो शब्द उषेला लावलेला आहे. आपल्या जुन्या कोशकारांनीं मात्र निराळीच फोड केली : 'सु' म्हणजे चांगलें, आणि 'उन्द्' म्हणजे ओलें करणें. जें चित्ताला नीट भिजवतें तें सुंदर. शास्त्राच्या दृष्टीनें ही व्युत्पत्ति टिकत नाहीं असें कोणी म्हणेल, आणि तें बरोबरही असेल. पण ज्यांनीं ती केली ते पावसाच्या देशांतले होते. आमच्याकडे जुलैमध्यें रोवणी चालते तेव्हां बांधांतल्या पाण्यांत सारसांचीं जोडपीं उतरतात. महाराष्ट्रांत हा पक्षी आतां आमच्या भागांतच काय तो उरला आहे. त्याला सारस म्हणतात तें 'सरस्' म्हणजे तळें यावरून. त्याचें नांवही पाण्याचेंच. अंगानें तो करडा, मान तांबडी. गोरेपणाच्या कोणत्याही पायरीवर त्याला बसवितां येणार नाहीं. त्याला पाहावयाला मात्र लोक नागपुराहून येतात.

असो. हें सर्व मीं पुतणीला एका रविवारीं बसवून सांगितलें. तिनें नीट ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग काका, वर्ण म्हणजे काय?" मीं कोश उघडला. तेथें 'वृ' म्हणजे झांकणें, आच्छादणें, असा धातु सुचविलेला आहे. वर्ण म्हणजे मुळांत आवरण, वरचें कवच, मग रंग, मग जात, मग अक्षर. ती हंसली आणि म्हणाली, "म्हणजे ते लोक पाकिटाचा रंग विचारतात."

मीं कागद पुन्हां पुढें घेतला. वहिनी सैंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. कोणाला लावण्यवती वगैरे लिहावयाचें मनांत आलें असतें तर पुतणीनेंच तें खोडलें असतें. तिला आपल्याविषयीं कींवही नको होती आणि स्तुतीही नको होती. मीं त्या रकान्यांत 'सावळा' एवढेंच लिहिलें. वहिनींनीं तें दोनदां वाचलें. त्या म्हणाल्या, "गव्हाळ लिहिलें असतें, आणि मग प्रत्यक्ष पाहून कोणी तोंड फिरवलें असतें, तर तें मला सोसलें नसतें. पाठवा असेंच." हा विचार त्यांच्या मनांत आधीं आला होता कीं नंतर, हें मीं विचारलें नाहीं.

चार ठिकाणीं टिपण गेलें. दोन ठिकाणांहून अद्याप कांहीं उत्तर नाहीं. एकांनीं पत्रिका जुळत नाहीं असें सभ्यपणें कळविलें आहे. चौथ्यांनीं मुलीला प्रत्यक्ष भेटावयास येत्या पंधरवड्यांत आपण येतों असें लिहिलें असून, मुलालाही तिनें कांहीं विचारावयाचें असल्यास अवश्य विचारावें असें खालीं मुलाच्या आईनें स्वतःच्या हातानें जोडलें आहे. पुतणीनें प्रश्नांची यादी करावयास घेतली आहे. ती मला अजून दाखविलेली नाहीं.